पुनःश्रवण आणि स्मरणरंजन : १९८० ते १९८९ मधील काही रॉक ध्वनिमुद्रिकांचा विचार

आवडती कलाकृती आणि श्रेष्ठ कलाकृती ह्या दोन संज्ञा समीक्षेत सहसा एकमेकींपासून दूर ठेवल्या जातात. आवड व्यक्तिनिष्ठ, म्हणून अविश्वसनीय. श्रेष्ठता वस्तुनिष्ठ, म्हणून विचारार्ह, अशी ह्या विभागणीमागची भूमिका असते. ही भूमिका सोयीची आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात एका साध्या गोष्टीचा विसर पडतो. रसिकाला कलाकृतीकडे पुन्हा पुन्हा परत आणते ती आवडच होय. ज्या कृतीवर कोणाचाच जीव जडलेला नाही, ती दुसऱ्यांदा ऐकली जात नाही. आणि जी दुसऱ्यांदा ऐकली जात नाही, तिची परीक्षाही होत नाही. परीक्षेला प्रवृत्त करणारी आवड आणि परीक्षेत पक्षपात करणारीही आवडच, असा हा पेच आहे. तो टाळून पुढे जाण्यापेक्षा एखाद्या ठोस उदाहरणात तो तपासून पाहणे अधिक फलदायी ठरेल.

असे उदाहरण १९८० ते १९८९ ह्या काळातील रॉक आणि ‘न्यू वेव्ह’ संगीताच्या ध्वनिमुद्रिकांनी पुरवले आहे. १९७६–७७ च्या सुमारास ब्रिटन व अमेरिकेत पंक संगीताचा जो स्फोट झाला, त्याच्यामागोमाग हा प्रवाह आला. पंकचा काटेकोर संक्षेप त्याने राखला. पण पंकने ज्या गोष्टींकडे पाठ फिरवली होती त्या सिंथेसायझरला, नृत्याच्या तालाला आणि स्टुडिओतील प्रयोगाला त्याने घरात घेतले. त्या वेळी ज्यांनी ह्या मुद्रिका ऐन तारुण्यात विकत घेतल्या, ते श्रोते आज पन्नाशी-साठीत आहेत. एखाद्या संध्याकाळी कपाटातून जुने वेष्टन काढावे, तबकडी पुसून यंत्रावर ठेवावी, सुई टेकवावी आणि पहिली खरखर ऐकताच चाळीस वर्षे गळून पडावीत, हा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांचा आहे. प्रश्न असा की, ह्या क्षणी जे सुखावते ते संगीत की स्वतःचे तारुण्य?

मुद्रिका हीच मूळ कृती

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ध्वनिमुद्रिका ही वस्तू काय आहे, ते स्पष्ट केले पाहिजे. मराठी श्रोत्याला घरी बसून तबकडी ऐकणे नवे नाही. बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या चिजा कित्येक घरांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर ऐकल्या गेल्या. परंतु तेथे तबकडी ही मूळ कृतीची खूण होती. मूळ कृती मैफिलीत किंवा रंगमंचावर घडत असे; तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांत तिचा अर्क उतरवला जाई. ऐकणारा मनातल्या मनात त्या अर्कातून मैफिलीकडे जात असे.

प्रस्तुत काळातील रॉक मुद्रिकांच्या बाबतीत हे नाते उलटे झाले आहे. येथे अनेक पदर असलेल्या फितीवर एकेक ध्वनी स्वतंत्रपणे बसवला जातो. काही पुसले जातात, काही दूर सारले जातात, काही एकमेकांवर रचले जातात. जी तबकडी शेवटी हाती येते, तिच्या मागे ‘खरी’ मैफल कोठेही झालेली नसते. पुढे रंगमंचावर जे सादर होते, तेच मुद्रिकेचे रूपांतर असते. म्हणून घरी ऐकणे हे येथे मूळ अनुभवाचे दुय्यम रूप ठरत नाही. कादंबरीच्या वाचकाला जसे घरातले वाचन, तसे ह्या श्रोत्याला घरातले श्रवण. पुनःश्रवण ही त्यामुळे पुनर्वाचनाइतकीच गंभीर समीक्षाकृती होऊ शकते.

दोन प्रकारच्या स्मृती

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गीत दुष्यंताच्या कानांवर पडते आणि तो व्याकुळ होतो. शापामुळे त्याची आठवण हरपलेली आहे. कोणा प्रिय व्यक्तीचा विरह आपल्याला नाही, असे त्याला वाटते. तरीही गीताने मन हलते. ह्या प्रसंगीच्या प्रसिद्ध श्लोकाचा विचार अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसचर्चेच्या ओघात केला आहे. येथे जिला स्मृती म्हटले आहे ती तार्किकांची स्मृती नव्हे, असा त्यांचा अभिप्राय आहे. पूर्वी अनुभवलेल्या एखाद्या वस्तूची ती नोंद नाही. ती साक्षात्काराच्या जातीची प्रतीती आहे.

हा भेद प्रस्तुत प्रश्नाला थेट उपयोगी पडतो. जुनी मुद्रिका ऐकताना दोन प्रकारची स्मृती जागी होते. पहिलीत गीत निमित्तमात्र असते: ते वसतिगृह, तो पावसाळा, तो मित्र. हिला स्मरणरंजन म्हणावे. दुसरीत श्रोत्याला आठवत नसलेलेच काही समोर येते. जे पूर्वी कानांवरून गेले होते पण ऐकले गेले नव्हते, ते आता ऐकू येते. हिला पुनःश्रवण म्हणावे. दोन्ही एकाच बैठकीत एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करण्याची कसोटी अशी मांडता येईल: स्मृतीत जेवढे साठवलेले होते तेवढेच मुद्रिका परत करते, की त्याहून काही अधिक देते? ही कसोटी पुढील उदाहरणांना लावून पाहू.

‘रिमेन इन लाइट’

न्यूयॉर्कच्या टॉकिंग हेड्स ह्या चौकडीची ‘रिमेन इन लाइट’ ही मुद्रिका ऑक्टोबर १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. निर्माता ब्रायन ईनो. बहामातील नासाऊ येथील कंपास पॉइंट स्टुडिओत तालाचे मूळ पदर ध्वनिमुद्रित झाले. शब्द व गायन त्यानंतर न्यूयॉर्कला घडले. नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या संगीताचा ह्या मुद्रिकेवरील प्रभाव सर्वश्रुत आहे. सर्वसाधारण श्रोत्याच्या स्मृतीत ह्या मुद्रिकेचे एकच गीत ठसलेले असते, ते म्हणजे ‘वन्स इन अ लाइफटाइम’. डेव्हिड बर्न यांची ख्रिस्ती प्रवचनकारासारखी वक्तृत्वशैली आणि चित्रफितीतील त्यांचे झटके देणारे अंगविक्षेप, एवढाच त्या स्मृतीचा ऐवज.

मुद्रिका पुन्हा ऐकताना ह्या ऐवजाबाहेरचे पुष्कळ हाती लागते. येथे बदलत्या कॉर्डची वाटचाल जवळजवळ नाहीच. एका स्वरस्थानावर तालाची आवर्तने चालू राहतात, आणि गीताचे भाग वेगळे होतात ते पदर मिसळण्या-वगळण्यामुळे. षड्ज न सोडता पसरत जाणाऱ्या आलापीची सवय असलेल्या कानाला ही रचनापद्धती परकी वाटू नये. तथापि साम्य येथेच संपते: आलापीत एक गायक स्वराची वाट उलगडतो, येथे कोणीच पुढे जात नाही, सगळे एकमेकांत गुंतत जातात. ‘द ग्रेट कर्व्ह’ ह्या गीतात गायनाच्या निरनिराळ्या ओळी एकमेकींवर येऊन आदळतात आणि त्यांतून एड्रियन बेलू यांची गिटार चिरत जाते. पहिल्या बाजूला तीन वेगवान, दीर्घ रचना. दुसऱ्या बाजूला पाच. आणि शेवटची ‘द ओव्हरलोड’ जवळजवळ थिजलेली. समूहाच्या उत्साहात सुरू झालेली मुद्रिका एकाकी गुंजनात संपते. हा उतार एका गीताच्या स्मृतीत मावत नाही. तो ऐकायला दोन्ही बाजू क्रमाने ऐकाव्या लागतात.

बर्न यांचे प्रवचनही आता वेगळे ऐकू येते. आपले घर आपले आहे का, आपण येथवर कसे पोहोचलो, असे विचारणारा मध्यमवयीन पुरुष विशीतल्या श्रोत्याला विनोदी वाटला असणार. तोच श्रोता आज त्या पुरुषाच्या वयाचा, किंबहुना त्याहून मोठा झाला आहे. येथे श्रोत्याचे आयुष्य बदलले आणि त्या बदलामुळे कृतीतले आधीपासूनच असलेले काही ऐकू येऊ लागले. हे स्मरणरंजनाच्या उलट दिशेने घडणारे कार्य आहे. स्मरणरंजनात श्रोता तरुण होतो. येथे त्याला आपल्या वयाचे भान येते.

‘क्लोजर’

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. मँचेस्टर परिसरातील जॉय डिव्हिजन ह्या संघाची ‘क्लोजर’ ही मुद्रिका मार्च १९८० मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत तयार झाली. निर्माता मार्टिन हॅनेट. गायक व गीतकार इयन कर्टिस यांनी १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली. मुद्रिका जुलैमध्ये बाहेर पडली. जेनोवाच्या स्टालिएनो दफनभूमीतील एका थडग्याचे छायाचित्र तिच्या वेष्टनावर आहे; त्याची निवड मृत्यूपूर्वीच झाली होती. पण ज्याने ही मुद्रिका पहिल्यांदा हाती घेतली, त्याने ती मृत्यूच्या बातमीसहितच हाती घेतली.

येथे स्मृतीचा अडथळा श्रोत्याच्या खासगी आयुष्यातून येत नाही. तो कर्त्याच्या चरित्रातून येतो. प्रत्येक शब्द मृत्युपत्रासारखा ऐकला जातो, प्रत्येक विराम सूचक ठरतो. ह्या वाचनात कारुण्य आहे, पण न्याय नाही. मार्च महिन्यात स्टुडिओत असलेली माणसे विलापगीत रचत नव्हती. ती कामात गढलेली होती. ‘अ‍ॅट्रॉसिटी एक्झिबिशन’ ह्या पहिल्या रचनेत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक यांनी गिटार आणि बास ही आपली वाद्ये चक्क अदलाबदल करून वाजवली आहेत. ‘आयसोलेशन’मध्ये सिंथेसायझर आणि यंत्रवत् ताल यांची जी झपाट्याची चाल आहे, ती नृत्यशाळेपासून फार दूर नाही. उरलेल्या तिघांनी पुढे न्यू ऑर्डर ह्या नावाने १९८३ मध्ये ‘ब्लू मंडे’ ही नृत्यमुद्रिका काढली, तिचे बीज येथे स्पष्ट ऐकू येते. हॅनेट यांनी प्रत्येक वाद्याभोवती मोकळी हवा ठेवली आहे; ड्रमचा आघात एका ठिकाणी, आवाज दुसऱ्या ठिकाणी, आणि त्या दोहोंमध्ये अंतर. ह्या अंतरातून मुद्रिकेचा एकाकीपणा सिद्ध होतो. तो चरित्रातून उसना आणलेला नाही.

याचा अर्थ मृत्यूची गोष्ट विसरावी, असा नाही. तसे करणे शक्यही नाही. समीक्षकाला इतकेच करता येते की, चरित्राचे ज्ञान आणि ध्वनीची रचना यांना दोन वेगळ्या साक्षीदारांप्रमाणे वागवावे, आणि एकाच्या मुखाने दुसऱ्याची साक्ष घेऊ नये. असे केल्यावरही ‘डिकेड्स’ ह्या अखेरच्या रचनेतील सिंथेसायझरचे संथ स्वर हेलावून सोडतात. म्हणजे कृतीला स्वतःचे बळ आहे. कसोटी येथेही उतरते.

‘हाउंड्स ऑफ लव्ह’

तिसऱ्या उदाहरणात बदलणारी गोष्ट म्हणजे खुद्द वस्तू. केट बुश यांनी ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (सप्टेंबर १९८५) आपल्या कुटुंबाच्या शेतघराजवळ उभारलेल्या स्वतःच्या स्टुडिओत घडवली. फेअरलाइट हे संगणकीय वाद्य तिच्या केंद्रस्थानी आहे. पहिल्या बाजूला पाच स्वतंत्र गीते. दुसऱ्या बाजूला ‘द नाइन्थ वेव्ह’ ही सात भागांची सलग रचना. टेनिसनच्या आर्थरविषयक काव्यातून घेतलेले हे नाव आहे. रात्रीच्या समुद्रात एकटी तरंगत असलेली एक स्त्री, तिची ग्लानी, तिचे भास, आणि पहाटेचे धुके असा तिचा क्रम.

पहिली बाजू संपते, सुई उचलली जाते, श्रोता उठतो, तबकडी उलटतो. ह्या काही सेकंदांच्या शांततेचे रचनेत स्थान आहे. जमिनीवरून समुद्रात उतरण्याची ती पायरी आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या आणि पुढे सर्वत्र पसरलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ही पायरी नाहीशी झाली. पाचव्या गीतामागून सहावे येऊ लागले. मुद्रिका एकेका गीताच्या रूपात सुटी ऐकली जाऊ लागल्यावर तर दुसरी बाजू हा विचारच मावळला. वस्तूच्या बदलत्या रूपाने कृतीचा अर्थ किती बदलतो, हे घरी जुनी तबकडी उलटताना जितके समजते तितके अन्य मार्गाने समजत नाही. पुनःश्रवणाचे हे पाठचिकित्सेशी असलेले नाते विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे: कोणती आवृत्ती आपण ऐकतो आहोत, हा प्रश्न येथेही पहिला असतो.

२०१४ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ येथे केट बुश यांनी २२ प्रयोग केले. त्यांत ‘द नाइन्थ वेव्ह’ रंगमंचावर आली, म्हणजे मुद्रिकेनंतर २९ वर्षांनी. मुद्रिका ही मूळ कृती आणि प्रयोग हे तिचे रूपांतर, हे वरील विधान याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध होईल.

ह्या मुद्रिकेतील ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये ब्रिटनच्या विक्रीसूचीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ह्या मालिकेतून ते पुन्हा ऐकले गेले आणि पहिल्या क्रमांकावर गेले. १९८५ ची कोणतीही आठवण नसलेल्या तरुण श्रोत्यांचा त्यात मोठा वाटा होता. स्मरणरंजनाशिवायही गीत मनाची पकड घेते, याचा हा पुरावा मानता येईल. तथापि सावधगिरी येथेही हवी. त्या तरुण श्रोत्यांसाठी गीताशी आता मालिकेचा प्रसंग जोडला गेला आहे. आणखी चाळीस वर्षांनी त्यांच्याही घरात हाच प्रश्न उभा राहील.

कसोटीला न उतरणारी आवड

एखादी कसोटी सर्वांनाच उत्तीर्ण करत असेल, तर ती कसोटी नव्हे. म्हणून शेवटचे उदाहरण जोडीचे आहे. ग्लासगोच्या सिंपल माइंड्स ह्या संघाची ‘न्यू गोल्ड ड्रीम’ सप्टेंबर १९८२ ची आणि ‘वन्स अपॉन अ टाइम’ ऑक्टोबर १९८५ ची. दोन्ही मुद्रिकांचे चाहते तेच असू शकतात. दोन्ही ऐकताना तारुण्य सारखेच जागे होते. परंतु दोन्हींतून मिळणारे फळ सारखे नाही.

पहिलीत डेरेक फोर्ब्ज यांची बास गिटार गीताला वाहून नेते, तर चार्ली बर्चिल यांची गिटार आणि मिक मॅकनील यांचे सिंथेसायझर तिच्यावर झिलईसारखे पसरतात. कोणते वाद्य कोठे संपते ते सांगणे कठीण व्हावे अशी ही वीण आहे. ‘हंटर अँड द हंटेड’मध्ये जॅझवादक हर्बी हँकॉक यांचे सिंथेसायझरवादन येते, तेही ह्या विणीत विरघळून जाते. दर श्रवणी तिच्यात नवा धागा दिसतो. दुसरी मुद्रिका आली तेव्हा ‘डोंट यू (फरगेट अबाउट मी)’ ह्या चित्रपटगीताने १९८५ मध्ये अमेरिकेत संघाला अग्रस्थान मिळवून दिले होते आणि समोर मोठी क्रीडांगणे होती. त्या श्रोतृसमूहाला उद्देशून सगळे ध्वनी मोठे केलेले आहेत.

ड्रमचा आवाज हे त्याचे सर्वांत ठळक चिन्ह. १९७९ मध्ये पीटर गेब्रिएल यांच्या तिसऱ्या मुद्रिकेसाठी फिल कॉलिन्स ड्रम वाजवत असताना अभियंता ह्यू पॅडगॅम यांच्या हाती एक युक्ती लागली होती: खोलीचा घुमारा दाबून मोठा करायचा आणि तो फुलू लागताच झटकन तोडायचा. ‘इन्ट्रूडर’ ह्या गीतात हा ध्वनी खरोखर भयकारी आहे, कारण तेथे त्याच्याभोवती शांतता आहे. दशकाच्या मध्यावर मोठा, घुमणारा ड्रम सार्वत्रिक झाला आणि सार्वत्रिक झाल्यामुळे निरर्थक. ‘वन्स अपॉन अ टाइम’ पुन्हा ऐकताना जे आठवत होते तेच, तेवढ्याच जोराने परत येते. अंगावर रोमांच उभे राहतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ते रोमांच श्रोत्याच्या ठेवीतून काढलेले असतात. मुद्रिकेने त्यात भर घातलेली नसते.

उपसंहार

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. आवड हा श्रेष्ठतेचा पुरावा नाही. परंतु ती पुराव्यापर्यंत नेणारी वाट आहे. जी समीक्षा आवडीला दाराबाहेर ठेवते, तिला कृतींची यादी करता येते. पण एकाच कृतीचे तिसावे श्रवण काय देते, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. उलट जी आवड स्वतःची तपासणी करत नाही, ती कृतीच्या जागी स्वतःचे चरित्र ऐकत राहते. ‘रिमेन इन लाइट’मध्ये श्रोत्याचे वय, ‘क्लोजर’मध्ये कर्त्याचा मृत्यू आणि ‘हाउंड्स ऑफ लव्ह’मध्ये वस्तूचे रूप बदलले, तिन्ही ठिकाणी बदल वजा करून काही शिल्लक उरले, आणि ते शिल्लक पूर्वस्मृतीत नव्हते. ‘वन्स अपॉन अ टाइम’मध्ये वजाबाकीनंतर हात रिकामा राहिला.

हे मान्य करताना श्रोत्याला थोडे दुःख होते, आणि ते खरे आहे. एके काळी ज्या मुद्रिकेने जगण्याला आधार दिला, ती आज केवळ आठवणीची पेटी ठरावी, हे सोपे नाही. पण तिला टाकून देण्याचे कारण नाही. पेटी पेटी म्हणून जपावी. तिला कलाकृती म्हणण्याचा आग्रह सोडला की पुरे. मग ज्या तबकड्या चाळीस वर्षांनंतरही न ऐकलेले काही ऐकवतात, त्यांच्यासाठी कान मोकळे राहतात.